आत्याचे दहापैकी दहा

आमच्या धम्मशीला आत्याला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवत नाही. मी हे तिच्या पाठीमागे बोलत नाहीये. ती स्वतःच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

"मायी छातीच जळते वं. डॉक्टर म्हणे पित्त हाय. मी म्हटलं, पित्त नाही, माणिकराव हाय."

माणिकराव म्हणजे तिच्या कॉलेजातले विभागप्रमुख. खामगावच्या बाहेर एक खाजगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथं आत्या बावीस वर्षं कॉम्प्युटर नेटवर्क शिकवते. माणिकराव तिच्यानंतर आले आणि तिच्या आधी प्रोफेसर झाले. "त्याले राउटर चालू करायले लावा," आत्या म्हणते, "तो आधी पंख्याचं बटन दाबते."

सकाळी गावातले लोक कापसाचा भाव पाहतात. आत्या चहा उकळेपर्यंत लॅपटॉप उघडून ओळखीच्या संशोधकांचे आकडे पाहते. कुणाच्या शोधनिबंधाचा दाखला किती जणांनी घेतला, रोजच्या रोज.

"नागपूरवाल्याचे एकशे बारा झाले. परवा एकशे आठ होते."

"मग काय झालं आत्या?"

"चार वाढले न दोन दिवसांत! कोणी देल्ले असतील?"

"वाचलं असेल लोकांनी."

"वाचलं असतं तं देल्लेच नसते."

कोपऱ्यातल्या खुर्चीत भाऊराव आबा, म्हणजे आत्याचे वडील आणि माझे आजोबा, पेपर वाचायचं सोंग करत हसतात. अमडापूरच्या टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. खांबावर चढण्यात उभी हयात गेली. त्यांची मुलगी तार नसलेल्या नेटवर्कवर पीएच.डी. झाली, ते त्यांना अजून पटलेलं नाही. "तार नाही तं भरोसा कशाचा?" एवढाच त्यांचा या विषयावरचा अभिप्राय.

पण माणिकराव आणि नागपूरवाला म्हणजे आत्याचं वरवरचं जळणं. खोलवरचं जळणं तिनं एकाच माणसासाठी राखून ठेवलं होतं. गुलनाज शेख.

गुलनाज ही पिंपळगाव राजाच्या अब्दुल गनी टेलरची मुलगी आणि आत्याची विद्यार्थिनी. सात वर्षांपूर्वी आत्याला केंद्र सरकारच्या विज्ञान निधीतून एक प्रकल्प मिळाला. पहिला आणि आजवरचा एकमेव. संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी काही गावं अशी आहेत, की तिथं मोबाइलला रेंज मिळत नाही. तिथल्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत इंटरनेट न्यायचं, या टेकडीवरच्या अँटेनाकडून त्या टेकडीवरच्या अँटेनाकडे, मधल्या जंगलावरून. गुलनाज तेव्हा शेवटच्या वर्षाला. परीक्षा संपवून ती आत्याबरोबर एप्रिल-मेच्या उन्हात डोक्याला ओढणी गुंडाळून टेकड्या चढली. नेटवर्कच्या भाषेत माहितीच्या तुकड्याला पाकीट म्हणतात. एका टोकाहून शंभर पाकिटं पाठवायची आणि दुसऱ्या टोकाला किती पोचली ते मोजायचं. सत्त्याण्णव पोचायची, कधी अठ्ठ्याण्णव. दोघींच्या नावानं शोधनिबंध लगोलग पाठवला, तो पुढे छापून आला. त्या कामाच्या जोरावर गुलनाजला त्याच वर्षी हैदराबादच्या एका मोठ्या संस्थेत प्रवेश मिळाला, मग डॉक्टरेट, मग तिथंच नोकरी.

आत्या खामगावातच राहिली.

"तू पुढचा प्रकल्प का नाही मागितलास?" मी विचारायची.

"दिल्लीवाले मोठ्या संस्थेलेच देतात. अर्जावर खामगाव पाह्यलं की चहा प्यायले उठतात ते."

हे मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते खरंच वाटायचं.

तर फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी मी शेंगा सोलत होते आणि आत्या लॅपटॉपवर वाचत होती. सरकारी निधीकडे आलेला अर्ज त्या विषयातल्या तीन-चार तज्ज्ञांकडे मतासाठी जातो. तज्ज्ञाचं नाव अर्जदाराला कळत नाही. जंगलातल्या वायरलेसवर काम केलेली माणसं देशात मोजकीच, म्हणून वर्षा-दोन वर्षांतून एखादा अर्ज आत्याकडे यायचा, आणि ती तो असा सोलायची की माझ्या शेंगा बऱ्या. त्या दिवशी मात्र ती गप्प होती. गप्प आणि हसरी.

"दहापैकी दहा," ती म्हणाली.

मी शेंग खाली ठेवली. "आत्या, तू? दहा?"

"पाह्य न किती सुंदर लिहिलं पोरीनं. भाषा पाह्य. नकाशे पाह्य, रंगीत."

"कोणत्या पोरीनं?"

"गुलनाजनं."

आबांनी पेपर खाली घेतला.

"गुलनाजचा अर्ज तुझ्याकडे? हे चालतं का?"

"पाच वर्षांत संगं काम केलं असलं तं चालत नाही. आपल्याले सात झाले. नियमानं मी परकी." 'परकी' हा शब्द तिनं चघळून म्हटला. "संग्रामपूरचंच काम हाय. तेच जंगल, तीच उपकेंद्रं, आता एकाच्या जागी चौदा. आणि पाया कोणता घेतला सांग? आपला तोच शोधनिबंध. इंगळे आणि शेख. सत्त्याण्णव टक्के."

"मग तर तुझाच मान झाला."

"हाव न. म्हणून तं दहा देऊन राह्यली." ती पुन्हा हसली. मला ते हसू मुळीच आवडलं नाही. "मग जुलैत पाहू म्हणा."

"जुलैत काय आहे?"

"जुलैत सागाले पानं येतात."

मला काही कळलं नाही. आबांना मात्र कळलं. त्यांनी चष्मा काढला.

"धम्मे," ते म्हणाले, "तुयं ते यंत्र तेव्हाच बंद पडलं होतं काय?"

आत्यानं लॅपटॉपचं झाकण अर्धं लावलं. मग तिनं जे सांगितलं ते सात वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

सरकारी पैसा मार्च संपता संपता येतो. मग सामान घ्यायचं, आणि विद्यार्थी मोकळे होतात ते परीक्षेनंतर. म्हणजे मोजणी कधी, तर एप्रिल-मेमध्ये. सगळीकडे हेच चालतं, कुणी ठरवून करत नाही. आणि एप्रिल-मेमध्ये सातपुड्यातला साग नुसता काटक्यांसारखा उभा असतो. एक पान नाही. अँटेनाला पलीकडची टेकडी सरळ दिसते. जुलैत त्याच झाडाला सुपाएवढी पानं येतात, वर पाऊस, पानं ओली. पाकिटं त्यात बुडून जातात.

"किती पोचली जुलैत?" मी विचारलं.

"अकरा."

"शंभरातली?"

"मंग काय हजारातली?" ती खेकसली. "तिथल्या उपकेंद्रात सिंधूताई म्हणून नर्स होत्या. अजूनबी हायेत. दोन महिने आमच्या नेटवर्कवर वरच्या डॉक्टरले विचारून विचारून त्यांनी पेशंट सांभाळले. जुलैत त्या बाईचा माणूस सायकलनं निरोप घेऊन आला, की मॅडम, तुमचं यंत्र पाऊस आला की रुसते काय म्हणून."

"मग तू काय केलंस?"

"काय करीन? अहवालात उन्हाळ्याचे आकडे लिहिले. उद्दिष्ट साध्य झालं म्हणून लिहिलं."

"आणि गुलनाजला?"

आत्यानं ताटातली एक शेंग उचलून सोलली. "तिनं जुलैतच फोन केला होता. हैदराबादवरून. मॅडम, सिग्नल कसा हाय म्हणे. तेव्हा तिचं नाव पेपरात आलं होतं, फोटोसकट. मी म्हटलं, मस्त हाय."

दिल्लीवाले, मोठ्या संस्था, चहा प्यायला उठणं, सगळं खोटं होतं. आत्यानं पुढचा अर्ज कधी केलाच नव्हता, कारण केला असता तर मागच्या प्रकल्पाचे पावसाळ्यातले आकडे कुणीतरी मागितले असते.

"म्हणजे तू आता दहा देणार," मी म्हणाले, "तिला निधी मिळणार, ती चौदा गावांत अँटेना लावणार, आणि जुलैत सगळं बंद."

"सगळ्यांदेखत," आत्या म्हणाली. "मी एकटीच तोंडावर पडली होती. तिनं सगळ्यांदेखत पडावं."

"आणि चौदा नर्सबाया?"

"त्याचं मी पाहून घेईन," ती म्हणाली. पण हे बोलताना तिचा आवाज खाली गेला.

आबा तारेचं काही बोलतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "ते पान काढून टाकता येत नाही काय?"

"बाबा, जंगल हाय ते!"

"तं खांब उंच करा."

"पानाच्या वर जायले किती उंच लागते ते मले माहीत हाय. कोणत्या टेकडीवर किती, सगळं माहीत हाय." ती उठली, कपाट उघडलं आणि दोन जाडजूड वह्या काढून टेबलावर आपटल्या. प्रकल्प संपल्यावर दोन पावसाळे ती दर शनिवारी एसटीनं संग्रामपूरला गेली होती. कुणाला न सांगता. एकटी छत्री घेऊन टेकडीवर, आणि पाकिटं मोजत सिंधूताई खाली. आम्हाला सांगायची की विद्यापीठात मीटिंग आहे. कुठल्या महिन्यात पान केवढं, पाऊस किती, अँटेना किती फुटांवर नेली की किती पाकिटं पोचली, सगळं हातानं लिहिलेलं.

मी पानं उलटत म्हणाले, "हे छापलं का नाहीस?"

"छापलं की पह्यला शोधनिबंध खोटा ठरते."

मी विचार न करता बोलून गेले, "आत्या, गुलनाज पडली तर ती तुझ्यासारखी गप्प बसेल?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, ती कपाटात नाही ठेवणार. ती जुलैत पडेल, ऑगस्टमध्ये मोजेल, आणि दिवाळीला छापेल. सागाची पानं आणि वायरलेस. पहिल्यांदाच लागलेला शोध म्हणून."

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. सात वर्षांचं जळणं एका क्षणात कूस बदलतं ते मी समोर पाहिलं.

"अय माय," ती हळूच म्हणाली. "तिले पडल्याचाबी पेपर होईल!"

"होईल."

"आनं दाखले किती भेटतील!"

"एकशे बाराच्या वर."

तिनं खाडकन लॅपटॉप उघडला. "सरक. ते शेंगाचं ताट उचल."

संध्याकाळपर्यंत ती लिहीत होती. टाइप करताना तोंडानं बडबड चालू. "पोरगी पानं विसरली म्हणे! मोठी हैदराबादची!" मधेच थांबायची, वही उघडायची, आकडा घ्यायची. शेवटी तिनं मला वाचून दाखवलं. मूळ इंग्रजीत होतं, मतलब असा: अर्ज उत्तम आहे, परंतु ज्या मोजण्यांवर तो उभा आहे त्या पानगळीच्या काळातल्या आहेत. पावसाळ्यात हीच जोडणी शंभरपैकी अकरा पाकिटं पोचवते. हे मला माहीत आहे, कारण तो प्रकल्प माझा होता आणि मी अहवालात हे लिहिलं नव्हतं. पावसाळ्यातल्या मोजण्या जोडून अर्ज पुन्हा मागवावा. गुण, दहापैकी सहा.

"सहा कशाला? आठ दे."

"सहा," आत्या म्हणाली. "भाषेचे दोन कापले."

"तू स्वतःचं नाव सांगितलंस त्यांना. ते तुला काही करतील."

"करतील न." तिनं बटन दाबलं आणि ती भाकरी टाकायला उठली.

एप्रिलमध्ये पत्र आलं. ईमेल नाही, कागद, आणि तो प्राचार्यांमार्फत. म्हणजे वाटेत विभागप्रमुख आलेच. माणिकराव स्वतः घरी घेऊन आले, पाकीट आधीच फोडलेलं.

"मॅडम, दिल्लीहून काहीतरी आलंय तुमचं. मी पाह्यलं नाही."

"नाही पाह्यलं तं 'तीन वर्षं बंदी' असं काऊन म्हणून राह्यले होते फाटकात कोकिळाबाईले?"

कोकिळाबाई म्हणजे शेजारीण. माणिकराव घसा खाकरून निघून गेले. पत्रात लिहिलं होतं की जुन्या अहवालातील माहिती अपूर्ण असल्याचं आपण स्वतः कळवलं, त्याची नोंद घेतली आहे. तीन वर्षं आपल्याला या निधीसाठी अर्ज करता येणार नाही, प्रमुख म्हणून नाही आणि सहसंशोधक म्हणूनही नाही. आत्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'सहसंशोधक' या शब्दावर तिचं बोट थांबलं, तेव्हा मला कळलं की तिनं मनात काय धरलं होतं. चौदा गावांत तिला जायचं होतं. गुलनाजच्या मागून का होईना.

"शिक्षेचं काही नाही," ती मला म्हणाली. "माणिकरावाले माहीत झालं, याचं वाईट वाटते."

गुलनाज आली ती ईदेच्या सुट्टीत. पिंपळगाव राजाहून स्कूटीवर, हातात शीरखुर्म्याचा डबा. आबांना जय भीम केला, आबा म्हणाले सलाम बेटा. डबा मला दिला. आत्यासमोर बसली आणि पाच मिनिटं हवापाण्याचं बोलली. मग चहा खाली ठेवला.

"मॅडम, मायी फाइल वापस आली. पावसाळ्याचे आकडे जोडा म्हणे."

"असं काय."

"एक्स्पर्टचं नाव सांगत नाहीत. पण त्यात लिहिलं हाय, शंभरातले अकरा. तिथं पावसाळ्यात मोजायले दुसरं कोण गेलं होतं?"

"नियमानं मले सांगता येत नाही."

"नियम राहू द्या मॅडम!" तिचा आवाज चढला. "जुलैत मी फोन केला होता तुमाले. तुमी म्हणाल्या मस्त हाय. मी तेच आकडे थिसिसमध्ये घेतले. तिसरा चॅप्टर पूरा त्याच्यावर. चार वर्षं मी लोकायले सांगत फिरली, आमच्या मॅडमनं सातपुड्यात सत्त्याण्णव टक्के काढले. परदेशात सांगितलं!"

"परदेशात कुठं?" आत्यानं पटकन विचारलं.

"मॅडम!"

आत्यानं पदर सारखा केला. "मी जळत होती गुलनाज. तुयं पेपरात नाव आलं, मायं नाही. मले वाटलं, तुले कळलं तं तू मोठ्या लोकायले सांगशील का बाईले साधी पानं दिसली नाहीत. म्हणून नाही सांगितलं. अजूनबी जळून राह्यली, खोटं कशाले बोलू? तुया चष्म्याची फ्रेमसुद्धा मले पाह्यवत नाही."

गुलनाजला हसू आलं, ते तिनं दाबलं. डोळे मात्र ओलेच होते. "मले रागच करायचा हाय तुमचा. घरून ठरवून आली."

"मंग कर ना."

"मोजण्या कुठं हायेत?"

आत्या उठली नाही. मला मानेनंच खूण केली. मी कपाटातून दोन्ही वह्या आणून टेबलावर ठेवल्या. गुलनाजनं वरची उघडली, एक पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि तिचा श्वास ऐकू आला. "दोन पावसाळे? हफ्त्याले हफ्त्याले? मॅडम, हे मी आता मोजायले गेली तं दोन वर्षं जातील. तोवर निधीची मुदत संपते."

"माहीत हाय."

"मले द्या."

"पह्यलं नाव कोणाचं?"

"काय?"

"शोधनिबंधात. पह्यलं नाव."

"तुमचंच. मोजलं तुमी."

"आनं प्रकल्पात?"

गुलनाजनं वही मिटली. "प्रकल्पात मले तुमाले घेता येत नाही. अहवाल अपुरा निघाला की बंदी येते, पत्र तुमाले आलंच असंल. तीन वर्षं."

"म्हणजे प्रमुख तू."

"हाव. मीच."

आबांनी पेपरचं पान उलटलं, पेपर उलटाच धरलेला होता. आत्या बराच वेळ वहीच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवत राहिली. तिच्या आत काय चाललं होतं ते मी लिहू शकते, पण लिहिणार नाही. तिचे ओठ आवळलेले होते एवढं पुरे. मग तिनं वरची वही गुलनाजकडे सरकवली आणि खालची ओढून मांडीवर घेतली.

"हे पह्यल्या पावसाळ्याचं. अर्जाले एवढं पुरते."

"आनं दुसरी?"

"पेपर छापून आल्यावर. पह्यल्या नावासकट."

"भरोसा नाही काय मॅडम मायावर?"

"तुयावर हाय. मायावर नाही. उद्या तुयं कौतुक ऐकलं तं मी ही वही चुलीत टाकीन, म्हणून लवकर छाप."

गुलनाजनं मोबाइल काढला आणि वहीच्या पानांचे फोटो घ्यायला लागली, एकेक करून, खिडकीजवळ उजेडात जाऊन. सातव्या का आठव्या पानावर ती थांबली. "हा एक हाय का सात?"

"कुठं?" आत्या मांडीवरची वही काखेत घट्ट धरून उठली आणि तिच्याजवळ गेली. "सात. पाऊस पडत होता, छत्री कलली होती. आनं सावली नको पाडू मधात, सरक तिकडं."

"मी चिडलेली हाय मॅडम, अजून."

"चीड. फोटो काढता काढता चीड."